कंपनी काढून देणारं ऑनलाइन पॅकेज: सोलापुरातून घ्यावं का?

टॉवेलचा स्वतःचा ब्रँड काढायचा असो नाहीतर कडक भाकरी आणि शेंगा चटणी देशभर पाठवायची असो, सोलापुरात पहिला शोध मोबाइलवर एकच होतो: कंपनी कशी काढायची. तासाभरात जाहिराती मागे लागतात. ‘प्रायव्हेट लिमिटेड ९९९ रुपयांपासून’, आणि शेजारी बारीक अक्षरात ‘सरकारी शुल्क वेगळं’. हे परीक्षण त्या पॅकेजचं आहे. नाव कुणाचंच घेतलेलं नाही, कारण साचा बहुतेकांचा एकच: पैसे भरा, कागद व्हॉट्सअॅपवर टाका, प्रमाणपत्र ई-मेलवर घ्या.

निकाल आधी सांगून टाकतो. प्रमाणपत्र मिळवून देण्याच्या कामाला ५ पैकी ३.५ गुण. त्यानंतरच्या १८० दिवसांना १, तोही फोन उचलतात म्हणून.

आता तपशील. पॅकेजमध्ये साधारण हे असतं: दोन संचालकांच्या डिजिटल सह्या, दोघांचे संचालक क्रमांक, नावाची मंजुरी, मेमोरँडम (कंपनीचा उद्देश सांगणारा कागद), आर्टिकल्स (कंपनीच्या आतले नियम), नोंदणीचं प्रमाणपत्र, पॅन आणि टॅन (करकपातीचा क्रमांक). यादी लांबलचक दिसते. पण डिजिटल सह्या सोडल्या तर फेब्रुवारी २०२० पासून हे सगळं केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या ‘स्पाइस प्लस’ या एकाच फॉर्मातून होतं. भाग ‘अ’ नावाचा, भाग ‘ब’ नोंदणीचा, त्याला जोडून जीएसटी, पीएफ अशा क्रमांकांसाठी ‘एजाइल-प्रो-एस’ नावाचा आणखी एक फॉर्म. अधिकृत भांडवल (कंपनी जास्तीत जास्त जेवढ्या रकमेचे शेअर देऊ शकते ते) १५ लाखांपर्यंत असेल तर नोंदणीचं सरकारी शुल्क शून्य आहे. नावाचे १,००० रुपये, राज्याची स्टॅम्प ड्युटी, पॅन-टॅनचे किरकोळ पैसे आणि डिजिटल सहीचा खर्च, इतकंच उरतं. म्हणून ‘सरकारी शुल्क’ या ओळीपुढे मोठा आकडा दिसला तर चलनाची प्रत मागा. चलनावर रक्कम छापलेली असते, वाद उरत नाही.

नावासाठी दोन पर्याय देता येतात आणि मंजूर झालेलं नाव २० दिवस राखून ठेवलं जातं. पॅकेजवाला तुम्ही सांगाल ते नाव टाकतो, नाकारलं गेलं की १,००० पुन्हा भरायला लावतो. टाकण्याआधी दोन ठिकाणी शोध घ्यायचा: मंत्रालयाच्या साइटवर आधीच्या कंपन्यांची नावं आणि ट्रेडमार्कच्या साइटवर त्याच वर्गातली चिन्हं. हे काम अर्ध्या तासाचं आहे. ‘सोलापुरी’ आणि ‘चादर’ हे दोन शब्द मात्र एकत्र आणून ब्रँडवर हक्क सांगायला जाऊ नका. सोलापुरी चादर आणि सोलापूर टेरी टॉवेल ही भौगोलिक मानांकनं आहेत. मानांकन समूहाचं असतं, एकट्याच्या ट्रेडमार्कमध्ये ते कोंबता येत नाही. ते नाव मालावर रीतसर वापरायचं असेल तर ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून वेगळी नोंदणी करावी लागते. पॅकेजच्या पानावर याचा उल्लेख नसतो. दिल्लीत बसून साचा बनवणाऱ्याला चाटी गल्ली काय माहीत!

यानंतर येतो पत्ता. सोलापुरातल्या अर्जांचं घोडं बहुतेक वेळा इथेच पेंड खातं. नोंदणीकृत कार्यालयासाठी दोन महिन्यांच्या आतलं लाइट बिल लागतं आणि जागा दुसऱ्याची असेल तर मालकाचं संमतीपत्र. सोपं वाटतं ना? पण साखर पेठ किंवा अशोक चौकातल्या जुन्या घराचं महावितरणचं बिल आजोबांच्या नावावर असतं, आजोबा वारलेले, महापालिकेची घरपट्टी चुलत्यांच्या नावावर, आणि धंदा मागच्या खोलीत पुतण्या करणार. संमतीपत्र द्यायचं कुणी? वारलेल्या माणसाच्या नावाचं बिल लावून वडिलांच्या सहीचं संमतीपत्र जोडलं तर नावं जुळत नाहीत. कंपनी नोंदणीत एखादवेळी ते निभावून जाईल, जीएसटीत अडकणारच. उपाय दोन आहेत. पहिला, अर्ज करण्याआधी बिलावरचं नाव बदलून घ्या. महावितरणकडे वारस म्हणून अर्ज होतो, वेळ लागतो, पण एकदाच. दुसरा, घरातल्याच ज्याच्या नावावर बिल किंवा घरपट्टी आहे त्याच्याशी लिव्ह अँड लायसन्स करार करा. महाराष्ट्रात हा करार नोंदवावाच लागतो, शहरी भागात नोंदणी फी १,००० रुपये, स्टॅम्प ड्युटी एकूण भाड्याच्या पाव टक्का. साध्या स्टॅम्प पेपरवरचा, नोटरी केलेला भाडेकरार ‘चालतो’ असं पॅकेजवाला सांगेल. चालतो तोवर चालतो.

जीएसटीचा अर्ज गेला, आधार पडताळणी झाली आणि शंका निघाली नाही तर कामकाजाच्या ७ दिवसांत क्रमांक यायला हवा. शंका निघाली की नोटीस येते, तिचं उत्तर कामकाजाच्या ७ दिवसांत द्यावं लागतं. नोटीस जाते अर्जातल्या ई-मेलवर, आणि तो ई-मेल कुणाचा आहे हे आता तपासायचं.

या परीक्षणातला सगळ्यात जास्त राग याच मुद्द्यावर आहे. घाईच्या पॅकेजमध्ये अर्ज भरणारा स्वतःचा मोबाइल आणि स्वतःचा ई-मेल टाकून मोकळा होतो. ‘तुम्हाला ओटीपीचा त्रास नको, साहेब.’ ऐकायला बरं वाटतं. परिणाम असा की नोटीस त्याच्याकडे, पासवर्ड त्याच्याकडे, आणि पुढच्या वर्षी दुसऱ्याकडे काम द्यायचं ठरवलं की ओटीपीसाठी त्याच्याच पाया पडायचं. डिजिटल सहीचंही तेच. ही सही यूएसबी टोकनवर येते, पेन ड्राइव्हसारखी दिसते. ‘आमच्याकडेच राहू द्या, वर्षभर लागेल’ म्हणून ती पॅकेजवाल्याच्या कपाटात पडते. त्या टोकनने तुमच्या नावाने काहीही दाखल करता येतं, तुम्हाला न विचारता संचालक बदलायचा फॉर्मसुद्धा. दोन्ही टोकन कुरिअरने मागवून घ्या, पासवर्ड बदला. धंद्यासाठी एक वेगळं सिम आणि एक वेगळा ई-मेल पहिल्याच दिवशी घ्या आणि मंत्रालय, जीएसटी, आयकर, बँक, सगळीकडे तोच द्या. पॅकेजवाला नाही म्हणाला तर तिथेच रामराम.

आडनावाची गोष्ट छोटी, पण सोलापूरची. शहरात तेलुगू आणि कन्नड घराणी भरपूर, आणि जोडाक्षर असलेली आडनावं इंग्रजीत लिहिताना एक अक्षर कुठे एकदा, कुठे दोनदा पडतं. पॅनवर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, दहावीच्या सर्टिफिकेटवर तिसरं, शिवाय वडिलांचं नाव कुठे पूर्ण, कुठे नुसतं आद्याक्षर. डिजिटल सही, संचालक क्रमांक, बँक या तिन्ही ठिकाणी पॅनवरचं नाव प्रमाण मानून अक्षर अन् अक्षर जुळवलं जातं. पैसे भरण्याआधी पॅन आणि आधार शेजारी ठेवून बघा. फरक असेल तर आधी तो दुरुस्त करा. पॅकेजचा ‘७ दिवसांत कंपनी’ हा दावा या दुरुस्तीचे दिवस धरत नाही.

मेमोरँडममधला धंद्याचा उद्देश हाही साच्यातून येतो. टॉवेल विणणाऱ्याच्या कागदावर सॉफ्टवेअरचा उद्देश चिकटलेला, असं होऊ शकतं. विणकामाचा उद्योग वर्गीकरण क्रमांक १३१२ पासून सुरू होतो, चादरी-टॉवेलसारख्या तयार वस्तूंचा १३९२ पासून. मसुदा वाचल्याशिवाय सही करू नका. कर्जाच्या वेळी बँक हाच कागद उलगडून बसते.

प्रमाणपत्र आलं. २१ अंकी-अक्षरी कंपनी क्रमांक आला, स्टेटसला फोटो पडला, पेढे वाटले. पॅकेज इथे संपतं आणि घड्याळ इथे सुरू होतं.

३० दिवसांत संचालक मंडळाची पहिली बैठक आणि पहिला ऑडिटर. विक्री शून्य असली तरी ऑडिटर लागतो. दाराबाहेर कंपनीचं नाव आणि पत्ता लिहिलेली पाटी हवी, आणि ती इंग्रजीत असेल तर मराठीतही. जीएसटी घेतला असेल तर त्याचा क्रमांकही पाटीवर. ही पाटी स्थानिक पेंटरकडे दोन दिवसांत होते, पण बँकेचा माणूस पडताळणीला येतो तेव्हा नेमकी तीच नसते आणि खातं लांबतं. दोन महिन्यांच्या आत शेअर सर्टिफिकेट द्यायची. आणि १८० दिवसांच्या आत ‘आयएनसी-२०ए’: भागधारकांनी कबूल केलेलं भांडवल खरंच आलं, आता धंदा सुरू करतो, असं सांगणारा फॉर्म.

हा शेवटचा फॉर्म कसा बुडतो ते बघा. दोन मित्रांनी मेमोरँडमवर ५०-५० हजारांचे शेअर लिहिले. बँक खातं उघडायला दोन महिने गेले. मग एकाने दोघांचे मिळून एक लाख आपल्या खात्यातून भरले, ‘नंतर हिशेब करू’ म्हणून. किंवा त्याहून वाईट, मशीनवाल्याला आगाऊ रक्कम परस्पर खिशातून दिली आणि ती भांडवलात धरली. फॉर्मसोबत बँकेचा उतारा जोडायचा असतो आणि त्यात मेमोरँडमवर सही करणाऱ्या प्रत्येकाची रक्कम त्याच्या त्याच्या खात्यातून आलेली दिसली पाहिजे. नाही दिसली की ऑडिटर सही करायला कां-कूं करतो. तारीख चुकली तर कंपनीला ५०,००० रुपयांपर्यंत दंड, संचालकांना दिवसाला १,००० प्रमाणे वेगळा. ९९९ च्या जाहिरातीत हा फॉर्म नसतो. कुठे असतो तर ‘ग्रोथ’ नावाच्या दुप्पट-तिप्पट महाग पॅकेजात. विचारताना एवढंच विचारा: आयएनसी-२०ए, पहिल्या ऑडिटरचा ठराव आणि शेअर सर्टिफिकेट याच पैशांत आहेत का? उत्तर लेखी घ्या.

वर्षअखेरचे दोन फॉर्म, हिशेबाचा आणि वार्षिक विवरणाचा, उशीर झाला तर प्रत्येकी दिवसाला १०० रुपये आणि त्याला कमाल मर्यादा नाही. दोन फॉर्म, १०० दिवस, २०,००० रुपये. कंपनीने एक टॉवेलही विकलेला नसताना. व्यवसाय कराचे कंपनीचे वर्षाला २,५०० वेगळे, तो क्रमांक नोंदणीबरोबर आपसूक येतो आणि बरेच जण त्याला विसरतात. पीएफ आणि ईएसआयचे क्रमांकही असेच येतात, पण अनुक्रमे २० आणि १० माणसं होईपर्यंत घाबरायचं कारण नाही.

एक गोष्ट कुठलंही पॅकेज सांगत नाही, कारण त्यात त्यांचा या महिन्याचा धंदा बुडतो. ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये कंपनी काढायची घाई करू नका. १ जानेवारीनंतर नोंदलेल्या कंपनीला पहिलं आर्थिक वर्ष थेट पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत धरता येतं. डिसेंबरमध्ये काढली तर चार महिन्यांसाठी एक पूर्ण ऑडिट, दोन फॉर्म, सगळा खर्च. तीन आठवडे थांबलात तर एका वर्षाची फी वाचते.

पॅकेजातला ‘मोफत जीएसटी’सुद्धा तपासून घ्या. मालाच्या विक्रीला राज्यात ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. राज्याबाहेर एक टॉवेल जरी विकला तरी सक्ती आहे. म्हणजे देशभर ऑनलाइन विकणार असाल तर जीएसटी लागणारच, पण माल तयार व्हायच्या सहा महिने आधी नव्हे. क्रमांक आला की विवरणपत्रं सुरू. शून्य विक्रीचं विवरणही उशिरा भरलं तर दिवसाला २० रुपये. शिवाय क्रमांक मिळाल्यावर ३० दिवसांत बँक खात्याचा तपशील द्यावा लागतो, आणि कंपनीचं खातं तर अजून उघडायचंय. म्हणून क्रम असा ठेवावा: खातं, नमुना माल, मग जीएसटी. करदराचं म्हणाल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून नगाला २,५०० रुपयांपर्यंतच्या टॉवेल-चादरीला ५ टक्के, त्याहून महाग असेल तर १८ टक्के. २,५०० च्या आसपासचा गिफ्ट सेट विकणार असाल तर किंमत ठरवताना ही रेष डोळ्यापुढे ठेवा.

उद्यम नोंदणीचे, म्हणजे सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांच्या सरकारी नोंदणीचे, पैसे कुणी मागत असेल तर तो विषय तिथेच संपवा. १ जुलै २०२० पासून ती आधारवर, कागद न जोडता, पूर्ण मोफत होते. सरकारी साइटसारख्या दिसणाऱ्या बनावट साइट भरपूर आहेत, पत्त्याच्या शेवटी सरकारी डोमेन आहे का ते बघा. स्टार्टअप इंडियाची मान्यताही मोफतच. ती एकट्या मालकीच्या धंद्याला मिळत नाही. आयकरातली सलग ३ वर्षांची सूट पहिल्या १० वर्षांतूनच निवडता येते आणि तिला आंतरमंत्रालयीन मंडळाचं वेगळं प्रमाणपत्र लागतं. ‘स्टार्टअप इंडिया म्हणजे टॅक्स माफ’ हे विक्रेत्याचं वाक्य अर्धं खरं. आणि ती १० वर्षं नोंदणीच्या तारखेपासून मोजली जातात, पहिल्या विक्रीपासून नाही.

म्हणूनच खरा प्रश्न पॅकेज कुणाचं हा नाही, आत्ता कंपनी हवी का हा आहे. एकटा माणूस, घरचे दोन माग किंवा घरचा तवा, स्वतःचा पैसा: उद्यम, चालू खातं, लागेल तेव्हा जीएसटी, बस्स. खाण्याचा माल असेल तर अन्न परवाना, लेबलवर त्याचा १४ अंकी क्रमांक, आणि पाकीटबंद मालासाठी वैधमापनशास्त्राची (वजनमापं तपासणाऱ्या खात्याची) ५०० रुपयांची नोंदणी पॅकिंग सुरू केल्यापासून ९० दिवसांत. (शेंगा चटणीत तेल सुटतं आणि ती खवट होते. ‘उत्तम कालावधी’ किती लिहायचा हे शेजारच्या ब्रँडच्या पाकिटावरून उतरवू नका, आपलंच पाकीट मे महिन्यात ठेवून बघा.) कंपनी हवी ती दोन परिस्थितींत: दोन-तीन भागीदार वेगवेगळ्या घरांतले असतील, किंवा बाहेरचा पैसा येणार असेल.

आणि भागीदार असतील तर पॅकेजातले आर्टिकल्स अपुरे पडतात. ते कायद्याच्या परिशिष्टातले नमुना नियम, ‘टेबल एफ’, जसेच्या तसे असतात. ५०-५० वाटणी, एकाला आठव्या महिन्यात पुण्यात नोकरी लागते, तो जातो, अर्धे शेअर त्याच्याकडेच. दुसरा राबतो, आणि नवा गुंतवणूकदार कागद बघून माघारी फिरतो. शेअर चार वर्षांत हळूहळू पक्के होतील, वर्षाच्या आत सोडला तर परत द्यायचे, हे कलम भागीदारांच्या आपसातल्या करारात आणि आर्टिकल्समध्ये दोन्हीकडे लागतं. यासाठी स्थानिक सीए किंवा कंपनी सेक्रेटरीकडे बसावं लागतं. ते फॉर्मचे पैसे पोर्टलपेक्षा जास्त घेतात, काम हळू करतात, आणि मार्चमध्ये फोन उचलत नाहीत. पण बँकेच्या मॅनेजरला फोन करतात, आजोबांच्या नावाचं लाइट बिल त्यांना समजावून सांगावं लागत नाही, आणि पुण्याच्या रजिस्ट्रारकडून हरकत आली तर तुमच्यासमोर बसून उत्तर लिहितात.

ट्रेडमार्कची भर पॅकेजात बहुधा फक्त अर्जापुरती असते. व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योगाला एका वर्गाचे ऑनलाइन ४,५०० रुपये सरकारी शुल्क, इतरांना ९,०००. टॉवेल-चादर वर्ग २४, भाकरी आणि चटणी वर्ग ३०. हरकतीचं उत्तर एका महिन्यात द्यायचं असतं आणि त्याचे पैसे वेगळे आकारले जातात, हे आधी विचारा.

राहता राहिलं भांडवल. पॅकेजवाला एक लाख सुचवतो, कारण फॉर्मात तेच भरलेलं असतं. साधा हिशेब करा. आठवड्याला १ लाखाचा माल निघतो, त्यात सूत आणि मजुरी मिळून ८०,००० रोख जातात. गिऱ्हाईक ६० दिवसांनी पैसे देतं, म्हणजे साडेआठ आठवडे. पहिला रुपया परत येण्याआधी ६ लाख ८० हजार अडकले. सूतवाला उधारी देत नसेल तर एक लाखाची कंपनी दुसऱ्या आठवड्यात रिकामी. म्हणून पहिला मैलाचा दगड प्रमाणपत्र नाही, पहिली वसुली आहे. उद्यम नोंदलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाला लेखी करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत, करार नसेल तर १५. उशिराला रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, मासिक चक्रवाढीने. शिवाय मुदत उलटून वर्षअखेरीलाही थकलेला खर्च माल घेणाऱ्याला त्या वर्षी आयकरात वजा करता येत नाही, आणि हा मुद्दा मोठ्या दुकानाच्या अकाउंटंटला व्याजापेक्षा लवकर कळतो. बिलावर उद्यम क्रमांक आणि देय तारीख छापा. फक्त दुसऱ्याचा माल घेऊन आपलं लेबल लावून विकत असाल तर तो व्यापार झाला, आणि व्यापाऱ्याला हे ४५ दिवसांचं संरक्षण नाही.

घ्यायचंच असेल तर कोणासाठी बरं? पॅन-आधार जुळलेले, पत्त्याचे कागद स्वच्छ, आणि वर्षाच्या कामाला सीए आधीच ठरलेला, अशा दोघा भागीदारांनी सगळ्यात स्वस्त पॅकेज घ्यावं. ‘वर्षभराचं सबस्क्रिप्शन’ घेऊ नये, कार्डावरून पुढच्या वर्षी आपोआप पैसे कापायची परवानगी देऊ नये. आणि जो विक्रेता ‘नाही चालली तर बंद करून टाकू’ असं सहज म्हणतो त्याला बंद करायचा खर्च विचारावा. नाव काढून टाकण्याच्या अर्जाचं नुसतं सरकारी शुल्कच १०,००० रुपये आहे, आणि त्याआधी मागची सगळी विवरणपत्रं दंडासकट भरलेली लागतात.